मदत हवी आहे : पसरणी घाट उतरताना मागचा ब्रेक पोकळ झाला

एकटा_स्वार
गेल्या रविवारी पहाटे पाच वाजता कोथरूडहून एकटाच मोटरसायकलवर निघालो आणि भोर, वरंधा घाट, महाड, पोलादपूर, आंबेनळी घाट, महाबळेश्वर असा सुमारे तीनशे किलोमीटरचा फेरा करून रात्री घरी आलो. दिवस उत्तम गेला; मात्र संध्याकाळी पाचगणीहून उतरताना, खाली वाई दिसू लागते तिथे, मागच्या ब्रेकचे पेडल रिकाम्या प्लॅस्टिकच्या बाटलीवर पाय पडावा तसे सरळ खाली गेले. पुढच्या ब्रेकवर कशीबशी गाडी थांबवली. वाईत अर्धा तास चहा घेत बसलो, तेवढ्यात ब्रेक पूर्ववत झाला. गॅरेजवाल्याने गल्लीत एक चक्कर मारली आणि काही दोष नाही म्हणून गाडी परत दिली. पाडव्याला पुन्हा त्याच वाटेने जायचे आहे. कृपया लवकर सांगा.

सिंहगडरोडकर
गाडी किती सालची, मागे डिस्क आहे की ड्रम, ब्रेक ऑइल केव्हा बदलले आणि घाट कोणत्या गिअरमध्ये उतरलात, यांपैकी एकही गोष्ट तुम्ही लिहिलेली नाही. इतक्या माहितीवर वैद्यसुद्धा नाडी पाहिल्याशिवाय औषध देणार नाही.

ताम्हिणीप्रेमी
मुळात वरंध्याला जाण्याची गरजच काय होती? मुळशीवरून ताम्हिणी घाटाने माणगावला उतरावे आणि त्याच वाटेने परत यावे. रस्ता सुंदर आहे.

एकटा_स्वार
वाट विचारलेली नाही. गाडी 2021 ची, दोन्ही चाकांना डिस्क. ऑइलचे आठवत नाही.

जुना_फिटर
आठवत नसेल, तर बदललेलेच नाही असे समजा. ब्रेक ऑइल हवेतील ओलावा शोषून घेते. डॉट 4 प्रतीचे नवे ऑइल 230 अंशांपर्यंत उकळत नाही, पण ओलावा धरलेल्या ऑइलसाठी ही मर्यादा 155 अंशांपर्यंत खाली येऊ शकते. सतत ब्रेक दाबल्याने कॅलिपर, म्हणजे पॅड डिस्कवर आवळणारा भाग, तापतो, आतील ऑइल उकळून त्यात वाफेचे बुडबुडे होतात, आणि वाफ दाबली जात असल्यामुळे पायाचा जोर पॅडपर्यंत पोहोचतच नाही. गाडी थंड झाली की बुडबुडे विरतात. म्हणूनच गल्लीतल्या चकरेत दोष सापडला नाही. मात्र गिअरच्या प्रश्नाला तुम्ही बगल दिलीत.

डेक्कनकर
माझ्या वडिलांच्या गाडीला दोन्ही ड्रमच होते आणि ती कधीही अशी फसली नाही. डिस्क हे निव्वळ फॅड आहे.

जुना_फिटर
ड्रमही तापून पसरतो आणि लायनरची पकड जाते. फसत नव्हती, कारण वडील गिअरमध्ये उतरत असावेत.

चैत्रपालवी
या दिवसांत वरंध्यात पळस आणि काटेसावर फुललेली दिसली का? महाबळेश्वरात अंजनीचा निळा बहर आला असेल, तर कोणत्या बाजूला, तेही कळवावे.

एकटा_स्वार
पळस भरपूर होता. अंजनी मला ओळखता येत नाही. आता गिअरचे सांगतो : पेट्रोल वाचावे म्हणून पाचगणीपासून गाडी न्यूट्रलमध्ये सोडली होती. सगळेच तसे करतात.

सिंहगडरोडकर
हे पहिल्याच वाक्यात यायला हवे होते! तुमच्या गाडीत फ्युएल इंजेक्शन असणार. गिअरमध्ये ॲक्सिलरेटर पूर्ण सोडून उतरताना अशा गाडीत पेट्रोलचा पुरवठा बहुतांशी बंद होतो, उलट न्यूट्रलमध्ये इंजिन चालू ठेवण्यासाठी थोडे पेट्रोल जळतच राहते. म्हणजे तुम्ही पेट्रोलही घालवले आणि ब्रेकही.

डेक्कनकर
एबीएस असती तर हे घडले नसते.

जुना_फिटर
एबीएस चाक लॉक होऊ देत नाही. उकळलेल्या ऑइलशी तिचा संबंध नाही. एकटा_स्वार, ऑइल पूर्ण बदलून ब्रेकच्या नळीतील हवा काढून घ्या, मागचे पॅड तपासा, आणि ज्या गिअरमध्ये तो घाट चढाल त्याच गिअरमध्ये उतरा. पेडलवर पाय टेकवून ठेवण्याची सवय असल्यास तीही सोडा. वळणापूर्वी दोन्ही ब्रेक थोडा वेळ जोरात लावून पुन्हा सोडावेत.

एकटा_स्वार
आज दुसऱ्या गॅरेजमध्ये ऑइल बदलले. निघालेले ऑइल कोऱ्या चहासारखे काळपट होते. आता एकच राहिले. वाईत पोहोचल्यावर डिस्कवर बाटलीतले पाणी ओतले होते, तेव्हा ती चर्रर्र झाली. त्यावर निळसर पट्टा दिसतो आणि हळू ब्रेक लावला की पेडल पायाखाली थरथरते.

जुना_फिटर
हेही आज सांगता आहात. तापलेली डिस्क पाण्याने वाकू शकते आणि थरथर त्याचीच खूण असू शकते. ती सरळ आहे का, हे गॅरेजमध्ये चाक फिरवून मोजून घ्या. बहुतेक डिस्कवर किमान जाडीचा आकडाही कोरलेला असतो. जाडी त्याखाली गेली असेल किंवा डिस्क वाकली असेल, तर ती बदलल्याशिवाय घाटात जाऊ नका. आकडा किती आहे?

एकटा_स्वार
गाडी खाली पार्किंगमध्ये अंधारात आहे. बॅटरी घेऊन जातो आणि पाहून लिहितो.