चौधारी फुलत नाही म्हणून खत वाढवू नका

चौधारी घेवड्याचा वेल मांडवभर पसरलाय पण फूल एकही नाही, तर आणखी शेणखत घालू का, असं कुणीतरी विचारलंय. कृपया घालू नका! हा वेल दिवस लहान होऊ लागल्याशिवाय सहसा फुलतच नाही. रात्री मोठ्या व्हायला लागल्या की फिकट निळी फुलं आपोआप दिसतील. शिवाय त्याच्या मुळांवरच्या गाठींतले जिवाणू हवेतला नत्र बांधून देतात; वरून आणखी नत्र मिळालं की नुसता पाला माजतो.

शेंग मात्र कोवळीच तोडा. वाकवल्यावर कटकन मोडली पाहिजे. उशीर झाला की धारा चिवट होतात. कोवळी पानं आणि फुलंही खाता येतात, हे फार कमी जणांना माहीत असतं.

बियाण्यासाठी निरोगी वेलावरच्या चार-पाच शेंगा तिथेच पूर्ण वाळू द्या. चौधारी बहुतांशी स्वपरागित (म्हणजे फूल स्वतःच्याच परागाने फळणारं) असल्याने वाण बऱ्यापैकी शुद्ध राहतो. भोपळा तसा नसतो, म्हणून त्याच्या बाबतीत ती खात्री नाही. बीचं कवच टणक असतं, म्हणून पेरण्याआधी रात्रभर भिजवा. जे बी फुगणार नाही, त्याच्या डोळ्याची (बी शेंगेला चिकटलेलं असतं त्या ठिपक्याची) बाजू सोडून कानशीने हलकंसं घासा आणि पुन्हा भिजत घाला.