माणसं बदलली की सरकार बदलतंय का खरंच?

रंकाळाकाठ:
मंडळी, पक्षाची भांडणं नकोत, साधा प्रश्न आहे. वडील गेल्यावर वारस नोंदीसाठी कोल्हापुरातल्या एका ऑफिसात चार महिने हेलपाटे मारतोय. मधी निवडणूक झाली, बाहेरचा फ्लेक्स बदलला, भिंतीवरचा फोटो बदलला, पण टेबलामागचा माणूस तोच आणि वाक्य पण तेच, "साहेब मीटिंगला गेल्यात, सोमवारी या." मग उन्हात रांग लावून मत दिलं ते नेमकं कशाला?

जुना_बारनिशी:
आयुष्य बारनिशीत, म्हणजे ऑफिसातल्या आवक-जावक टेबलावर गेलं माझं, म्हणून सांगतो. वर बसलेला सही करतो, पण ज्या टिपणीवर सही करतो ती खालनं लिहून येते. महापालिकेचंच बघ, १९४९ च्या कायद्यानं कारभार चालवायचा अधिकार आयुक्ताला, आणि त्याला नेमतं राज्य सरकार. महापौर अडीच वर्षांचा, सभा चालवणार, फीत कापणार. आणि खालच्या माणसाला भ्या असतं ते ऑडिटचं, मतदाराचं नाही. जुन्या पद्धतीनं काम केलं तर कोण विचारत नाही, जरा वेगळं केलं की ऑडिट पॅरा, म्हणजे तपासणीतला आक्षेप लागतो, तो रिटायर झाल्यावर पण पेन्शन अडवतो. नेता कुणीबी येऊ दे, खालचा माणूस कशाला रिस्क घेईल?

पेठेतला_पैलवान:
काका तुमचं पटतंय, पण आपल्या शहरातल्या रस्त्यांवरचा टोल विसरला काय? सगळं गाव रस्त्यावर होतं, पेठा, तालमी, म्हातारी माणसं सुद्धा. २०१४ ला राज्यात सरकार बदललं, म्हणून टोल दुसऱ्या दिवशी गेला असं झालं नाही, परत मोर्चे काढायला लागले, नव्यांना त्यांच्याच शब्दाची आठवण करून द्यायला लागली, तवा कुठं गेला. माझं म्हणणं एवढंच की जुनं सरकार असतं तर नुसत्या मोर्च्यानं गेला नसता आणि नुसत्या मतानं पण गेला नसता. उलटं उदाहरण पण आहे म्हणा, काळम्मावाडी धरणातनं शहराला पाणी आणायची थेट पाईपलाईन. किती निवडणुका त्या पाण्यावर लढल्या, पाणी आलं २०२३ च्या दिवाळीला. आणि हद्दवाढीचं नाव काढू नका, १९७२ ला महापालिका झाली तवापासनं नुसती चर्चाच ऐकतोय.

मंगळवारपेठकरीण:
मला वेगळंच वाटतंय. २०२० च्या नोव्हेंबरात महापालिकेच्या सभागृहाची मुदत संपली आणि पुढं पाच वर्षं नुसता प्रशासक. आधी आम्ही नगरसेवकाला शिव्या घालायचो, कामाचा नाही, फक्त वाढदिवसाचं बॅनर लावतोय म्हणून. तो नसताना कळलं की नळाला पाणी नाही आलं तर निदान सकाळी सातला त्याच्या दारात बादली घेऊन उभं राहता यायचं, त्याची बायको चहा तरी विचारायची. प्रशासकाचं दार कुठलं शोधायचं? म्हणजे निवडून दिल्यानं कारभार सुधारतो का माहीत नाही पण भांडायला माणूस मिळतो. आणि लगेच कोणतरी शाहू महाराजांचं उदाहरण देणार, १९०२ ला ५० टक्के आरक्षण एका हुकुमात केलं वगैरे. खरंच आहे, पण त्यांना कुठं पाच वर्षांनी मतं मागायची होती?

पेठेतला_पैलवान:
ताई, बादलीचं एकदम काटा किर्र 😄

जुना_बारनिशी:
रंकाळाकाठ, तुझं काम राहिलंच बाजूला. २०१५ चा लोकसेवा हक्क कायदा आहे. कुठली सेवा किती दिवसांत द्यायची ते ऑफिसच्या बोर्डावर लावायला लागतं, तुझी त्यात आहे का बघून ये. असली आणि मुदत उलटली तर अपील टाक, आधी पहिलं, मग दुसरं. विनाकारण अडवलंय असं ठरलं तर ५०० ते ५००० रुपये दंड, तो पण त्या अधिकाऱ्याच्या खिशातनं. नवीन आमदाराच्या चिठ्ठीपेक्षा हे जास्त टोचतंय. अर्जाची पोच आहे नव्हं?

रंकाळाकाठ:
पोच घेतली नाही काका. आवक नंबर पेन्सिलीनं पाकिटाच्या मागं लिहून दिला होता, तो पावसात भिजून पुसला.

जुना_बारनिशी:
मग सोमवारी परत नव्यानं अर्ज दे बाबा. दोन प्रती ने, आणि शिक्का मारल्याशिवाय टेबलापासनं हलू नको.