'अँप्युतासिओं'चं इंग्रजी काय करायचं?

भाषांतरवाली
एका फ्रेंच कंपनीची कॉस्टिंगची, म्हणजे मालाला किती खर्च पडतो त्या हिशेबाची, पुस्तिका इंग्रजीत आणतेय. गाड्यांचे सुटे भाग बनवणारी कंपनी, वाचणारी मंडळी चाकणच्या प्लांटमधली. मुळात पानोपानी 'अँप्युतासिओं' आहे. शब्द इंग्रजीत जसाच्या तसा आहे म्हणून मी 'इम्प्युटेशन', 'इम्प्यूटेड' असं करत गेले. काल पुस्तिका परत आली, अठरा ठिकाणी लाल शेरा: 'हा खर्च खरोखर झालेला आहे, मानीव नाही.' मी मानीव कुठे म्हटलं होतं? दुसरं, 'युनिते दव्र' (विभागाचं काम मोजायचं एकक, जसं मशीन-तास) याला 'वर्क युनिट' लिहिलंय, पण ते मनाला पटत नाही. कृपया मदत करा.

लागतवही
तीस वर्षं कॉस्टिंगमध्ये काढलीत, म्हणून जरा सविस्तर लिहितो. शेरा बरोबर आहे. इंग्रजी कॉस्टिंगमध्ये इम्प्यूटेड कॉस्ट म्हणजे खिशातून न गेलेला पण हिशेबात धरलेला पैसा. मालक स्वतः गल्ल्यावर बसतो, पगार घेत नाही, तरी त्याचा पगार धरायचा. स्वतःच्या भांडवलावर व्याज धरायचं. फ्रेंचमध्ये याला 'शार्ज सुप्लेतीव्ह' म्हणतात. म्हणजे तुमच्या इंग्रजी शब्दाची जागा पुस्तिकेत आहे, पण या पानांवर नाही.

आता अँप्युतासिओं. प्रेसशॉपच्या, म्हणजे पत्रा दाबून भाग बनवणाऱ्या विभागाच्या, फोरमनचा पगार थेट प्रेसशॉपच्या नावावर टाकला, ते 'आफेक्तासिओं', आपलं ॲलोकेशन. शेडचं भाडं चौरस फुटांवर चार विभागांत वाटलं, ते 'रेपार्तिसिओं', आपलं अपोर्शनमेंट. मग प्रेसशॉपच्या खात्यात जमलेले समजा 80,000 युरो, मशीन चालल्या 2,000 तास, तासाला 40 युरो पडले. एका ब्रॅकेटला तीन मिनिटं लागतात, म्हणून त्याच्या अंगावर 2 युरो. ही शेवटची पायरी म्हणजे अँप्युतासिओं. इंग्रजीत ॲब्सॉर्प्शन. तिन्ही पायऱ्यांना आपल्याकडे तीन वेगळे शब्द असताना घोळ घालायचं कारण नाही.

न्यूजर्सीकर
हे तीन शब्द ब्रिटिश परंपरेतले. इथे अमेरिकेत तिन्हीला सर्रास ॲलोकेशनच म्हणतात, आणि शेवटच्या पायरीला 'अप्लाइड ओव्हरहेड' (ओव्हरहेड म्हणजे भाडं, फोरमनचा पगार असा वरचा खर्च). ॲब्सॉर्प्शन म्हटलं की इथल्या माणसाला आधी आठवतं ॲब्सॉर्प्शन कॉस्टिंग, म्हणजे स्थिर खर्चासकट मालाची किंमत धरायची पद्धत.

लागतवही
वाचणारा चाकणचा आहे, न्यूजर्सीचा नव्हे. आपली कॉस्ट अकाउंटंट्सची संस्था 1959 च्या कायद्याची, 2012 पर्यंत तिच्या नावात 'वर्क्स अकाउंटंट्स' होतं. आमची सगळी परिभाषा ब्रिटिशांकडूनच आलेली.

मशीदबंदर
मी अकाउंटंट नाही. मशीद बंदरला गुजराती शेठजींच्या पेढीवर बावीस वर्षं मसाल्याची खरेदी लिहिली. शेठजी कधी 'कॉस्ट' म्हणाले नाहीत. 'पडतर शुं आव्युं?' एवढंच. हळदीचा भाव, हमाली, गाडीभाडं, तूट, सगळं धरून किलोला काय पडलं ते पडतर. आपण घरीही म्हणतोच की, 'साडी स्वस्त होती पण फॉल-पिको धरून बाराशेला पडली.' फ्रेंचमध्ये असं काही आहे का?

फ्रेंचबाई
अगदी हेच आहे! तीच संज्ञा, 'कू द रव्हिआँ'. 'कू' म्हणजे कॉस्ट. 'रव्हनीर' म्हणजे परत येणे, पण किमतीबद्दल बोलताना 'हे मला शंभराला रव्हिआँ' म्हणजे 'मला शंभराला पडतं'. वर्गात मुलं 'रिटर्न कॉस्ट' लिहायची, मी 'कितीला पडलं' म्हटलं की चेहरे उजळायचे. इंग्रजीत बोलताना 'वर्क्स आउट टू' आहे, पण संज्ञा करायची तर 'फुल कॉस्ट' असा कोरडा शब्दच हाती लागतो.

पूर्वी 'प्री द रव्हिआँ' म्हणत, प्री म्हणजे किंमत. फ्रान्सच्या 1982 च्या राष्ट्रीय लेखा आराखड्याने 'प्री' फक्त बाहेरच्यांशी होणाऱ्या व्यवहारापुरता ठेवला. कारखान्याच्या आत सगळं 'कू'. जुन्या कागदांत 'प्री' दिसला तर 'प्राइस' लिहून फसू नका.

शब्दवेडा
माझं जुनं मत मांडतो. फ्रेंच 'शार्ज', इंग्रजी 'चार्ज' आणि आपला 'खर्च' एकाच घरचे असावेत. ध्वनी बघा, अर्थ बघा.

फ्रेंचबाई
नाही हो. शार्ज लॅटिन 'कारुस', म्हणजे गाडा, यावरून. गाड्यावर लादलेलं ओझं. खर्च अरबीतून फारसीमार्गे आला, मूळ अर्थ बाहेर जाणे. दावा 'खारिज' होतो तोही त्याच धातूचा. एकात ओझं चढतं, दुसऱ्यात पैसा बाहेर पडतो.

शब्दवेडा
शेवट दोन्हीचा एकाच जमाखर्चात होतो. तरी मान्य.

शुद्धमराठी
एवढं चालू आहे, पण कोणीही 'परिव्यय' म्हणत नाही याचं वाईट वाटतं. परिव्यय लेखांकन, उपरिव्यय, किती नेमके शब्द! कॉस्टिंग, ओव्हरहेड कशाला?

लागतवही
माझ्या कारखान्यात 'उपरिव्यय' म्हटलं असतं तर फोरमनने दोनदा विचारलं असतं. 'वरकड खर्च' म्हटलं की लगेच कळायचं. तोही मराठीच आहे ना?

शुद्धमराठी
वरकड म्हणजे फुटकळ, किरकोळ. प्रेसशॉपचा 80,000 युरो खर्च किरकोळ कसा? पारिभाषिक शब्दाला बोलीतला अर्थ चिकटू नये, म्हणूनच संस्कृत घेतात.

मशीदबंदर
वरकड म्हणजे वरचा, मूळ मालाखेरीजचा. किरकोळ नव्हे. आमच्या वहीत वरकडचा रकाना कधीकधी हळदीपेक्षा मोठा असायचा.

भाषांतरवाली
सगळ्यांचे आभार. अठरा जागी ॲब्सॉर्प्शन केलं. शार्ज सुप्लेतीव्हला 'नोशनल कॉस्ट' लिहिलं, म्हणजे इम्प्यूटेड शब्दच नको. पण 'युनिते दव्र' राहिलंच. 'कॉस्ट ड्रायव्हर' (ज्या गोष्टीमुळे खर्च वाढतो ती) चालेल का? संध्याकाळी फाइल द्यायची आहे.

न्यूजर्सीकर
चालेल. आज सगळे तेच म्हणतात.

लागतवही
मला पटत नाही. युनिते दव्र ही 'सेक्सिओं ओमोजेन', म्हणजे एकसारख्या कामाच्या विभागांत खर्च गोळा करायच्या, पद्धतीतली गोष्ट. ती पद्धत दोन महायुद्धांच्या मधली, एमिल रिमेलो या तोफखान्यातल्या अधिकाऱ्याच्या नावाशी जोडलेली. कॉस्ट ड्रायव्हर 1980 च्या दशकातला, कूपर आणि कॅपलन यांच्या 'ॲक्टिव्हिटी-बेस्ड कॉस्टिंग' पद्धतीबरोबर पसरलेला, आणि त्याला फ्रेंचमध्ये 'अँद्युक्तर' हा वेगळा शब्द आहे. पुस्तिकेत पुढे अँद्युक्तर आला तर काय लिहाल? 'ॲब्सॉर्प्शन बेस' लिहा, आणि कंसात मशीन-तास.

फ्रेंचबाई
एक बघा, आधार पैशांत असेल तर फ्रेंच युनिते दव्र म्हणत नाहीत, 'आसिएत द फ्रे' म्हणतात. आसिएत म्हणजे ताटलीही. एका मशीन-भाषांतरात मी चक्क 'प्लेट ऑफ एक्स्पेन्सेस' वाचलंय. 'बेस' लिहिलात तर दोन्ही एकाच शब्दात बुडतील, हे तेवढं तपासा.

मशीदबंदर
वरकडवरून आठवलं. आमच्या गावी, रत्नागिरीकडे, डोंगरउतारावरच्या हलक्या जमिनीला 'वरकस' म्हणतात, जिथे नाचणी-वरी होते. वरकड आणि वरकस एकच का? कोणाला माहीत आहे?