मदत हवी आहे: फरसबंद रस्त्यांसाठी सायकलची स्टील फ्रेम, ४१३० की ८५३?

गोदाकाठ:
मंडळी, मापाची स्टील फ्रेम बनवून घेतोय. रोज पंचवटीतल्या दगडी गल्ल्या, गोदाघाटाची फरशी आणि पुढे उखडलेले पेव्हर ब्लॉक. रविवारी त्र्यंबक. पावसाळ्यातही चालवणार, त्यामुळे मडगार्ड हवेतच. उंची १७२ सेंमी, वजन ७४ किलो, डिस्क ब्रेक. कारागिराने दोन पर्याय दिलेत: ४१३० क्रोमोली (नेहमीचं क्रोमियम-मॉलिब्डेनम स्टील) किंवा रेनॉल्ड्स ८५३ (महागडं स्टील). दोन्हीत चेनस्टे (पेडलच्या आसापासून मागच्या चाकाच्या आसापर्यंतची नळी) ४२० मिमी, टायर ३२ मिमी रुंदीपर्यंत. ८५३ ‘मऊ’ चालते म्हणतात. जादा पैसे मोजू का?

आरे_आणि_निपल:
नका मोजू. स्टील कुठलंही असो, लवचिकता जवळपास तीच, २०० ते २१० गिगापास्कल. ८५३ जास्त मजबूत, म्हणून भिंत पातळ ठेवता येते आणि थोडं वजन वाचतं, एवढंच. कडकपणा ठरतो मुख्यतः व्यासावर: जाडी तीच ठेवून डाउन ट्यूब (हँडलकडून पेडलकडे उतरणारी नळी) ३१.८ ची ३५ मिमी केली की ती सुमारे ३३ टक्के कडक होते. तुम्हाला ३१.८ पुरे, टोकांना ०.९, मधे ०.६ मिमी जाडीची. मधे ०.४ असलेली पातळ ट्यूब रेलिंगवर आपटली तरी पोचा येतो.

खरी अडचण त्या ३२ मध्ये आहे. मागचा त्रिकोण उभा जेमतेम मिलिमीटरभरही दबत नाही, टायर मात्र चांगला दबतो. मडगार्डसकट ३८ चा टायर बसेल अशी जागा मागा, मडगार्डशिवाय ४२.

गोदाकाठ:
मग ४२० तेच ठेवून चेनस्टे आतून दाबून घेतले तर?

आरे_आणि_निपल:
दाबून किती मिळणार? हिशोब बघा. ३८ च्या टायरसकट चाकाची त्रिज्या साधारण ३४९ मिमी. म्हणजे ४२० च्या चेनस्टेत टायरचं टोक बीबीच्या (पेडलच्या आसाचं घर) मध्यापासून ७१ मिमीवर, ४३५ मध्ये ८६ वर. त्यात मडगार्ड आणखी दहाएक मिमी पुढे येतं. ४६ दातांच्या चेनरिंगची (पेडलजवळची दातेरी चकती) त्रिज्या ९३, ४० दातांचीची ८१. थोडक्यात, चेनरिंग संपायच्या आतच टायर सुरू होतो आणि दोघांच्या मधून नळी न्यायची असते. ४३५ ते ४४० घ्या, पुढे ४० ची एकच चेनरिंग. टायरच्या दोन्ही बाजूंना ६ मिमी मोकळे हवेत, नाहीतर पेठ रोडचा चिखल तिथेच थापला जातो.

चिमटा_सरळ:
चिमट्याबद्दल, म्हणजे पुढचं चाक धरणाऱ्या फोर्कबद्दल, कुणी बोललं नाही. बारीक, वाकदार स्टीलचा चिमटा हातांना आराम देतो हे खरं, पण रिम ब्रेक असेल तर. डिस्कचा सगळा जोर डाव्या पायाच्या टोकाला येतो, म्हणून पाय जाड करावे लागतात आणि तो आराम जातो. तिथे पैसे घालवू नका. चिमट्याची उंची (अ‍ॅक्सल ते क्राउन, म्हणजे चाकाच्या आसापासून दोन्ही पाय जुळतात त्या माथ्यापर्यंत) आधी ठरवा, साधारण ३९५ मिमी, आणि ती कारागिराला लिहून द्या. नंतर २० मिमी कमी उंचीचा बसवलात तर हेड अँगल (हँडलखालच्या नळीचा, म्हणजे हेड ट्यूबचा, जमिनीशी कोन) अंशभर उभा होतो आणि हँडल चंचल वाटतं. ७१.५ अंश ठेवा. सीटपोस्ट (सीटची दांडी) २७.२ मिमी व्यासाचा घ्या, ३१.६ नको, बारीक पोस्ट खरंच वाकतो, बाहेर निदान १५ सेंमी असेल तर.

सातपूरचा_लेथ:
ताबा घेताना फ्रेम सरळ आहे का बघायला दोरा लावा. एका ड्रॉपआउटपासून (मागचं चाक बसतं ती खाच) हेड ट्यूबला वळसा घालून दुसऱ्या ड्रॉपआउटपर्यंत ताणायचा. सीट ट्यूबपासून (सीटखालची नळी) दोन्हीकडचं अंतर मोजा, फरक १ मिमीच्या आत हवा. बीबी साधी आट्यांची बीएसए, ६८ मिमी, तोंडं फेसिंग केलेली (घासून सपाट). तळाला ५ मिमीचं भोक मागून घ्या. सीट ट्यूबमधून उतरलेलं पाणी तिथेच साचतं आणि फ्रेम आतून गंजते. पार्ट बसवायच्या आधी आतून गंजरोधक मेण फवारा, फ्रेम उलटसुलट करून रात्रभर टांगा.

गोदाकाठ:
ठरलं: ४१३०, ४३५, ३८ चे टायर. हवा किती?

आरे_आणि_निपल:
टायरमध्ये ट्यूब असेल तर पुढे ३८, मागे ४३ पीएसआयपासून सुरुवात. रिम दगडाला लागली की ट्यूबला शेजारी शेजारी दोन भोकं पडतात. तशी पडली तर ३ पीएसआय वाढवा.