"नुसतं कच्चं चिकन घाला" म्हणणाऱ्यांसाठी, आणि मग रश्शावर गेलेली चर्चा

गुंडूची आई
परवा इथं एका दादांनी टाकलं होतं, "मांजर म्हणजे वाघाची मावशी, वाघ काय कुकरच्या शिट्ट्या काढून खातोय का? पाकिटं फेका, उद्यापासून कच्चं चिकन चालू करा, आठ दिवसात केसांची चमक बघा." खाली बदामांचा पाऊस. दोन दिवस गप्प बसले, आज राहवेना म्हणून लिहितेय, लांबलचक होईल.

मागच्या पावसाळ्यात मीपण हेच केलं. गुंडू अडीच महिन्यांचा, रंकाळ्याजवळ गटारीच्या कडेला भिजत बसलेला सापडला. रोज पाव किलो बोनलेस आणायचे आणि दोन-तीन वेळा बारीक तुकडे करून कच्चंच घालायचे, तो पण खाताना गुरगुरायचा, मला वाटायचं बघा काय अंगाला लागायलंय. दीड महिन्यानं सोफ्यावरून खाली उतरला, पडला नाही, नुसता उतरला, आणि मागचा पाय वर धरून ओरडायला लागला. डॉक्टरांनी एक्सरे खिडकीकडं धरला आणि बराच वेळ काही बोललेच नाहीत. पोराच्या मांडीत मांस कुठं संपतंय आणि हाड कुठं चालू होतंय ते कळत नव्हतं, सगळं एकाच फिक्क्या रंगाचं. कोंबडीच्या नुसत्या मांसात कॅल्शियमच्या 15-20 पट फॉस्फरस असतो, मग शरीर आपल्याच हाडातनं कॅल्शियम ओढत बसतं. मी लाडानं भरवत होते आणि त्याची हाडं झिजत होती. सहा आठवडे पिंजऱ्यात ठेवला त्याला, उडी मारू नये म्हणून. आता बरा आहे, पण मागनं चालताना अजून किंचित वाकडा पडतो.

वाघ बोनलेस खात नाही हो. अर्धी माहिती टाकून मोकळं होऊ नका.

पेठेतला बोका
ते टाकणारा मीच. ताई, गुंडूचं वाचून वाईट वाटलं, खरंच. पण चूक कच्च्याची नाही, बोनलेसची आहे. माझ्याकडं 3 मांजरं आहेत, 4 वर्षं कच्च्यावर, मानेचे तुकडे हाडासकट, हृदय, थोडंसं काळीज. कच्चं हाड चावलं जातं, शिजवलेल्या हाडाचे टोकदार तुकडे होतात ते धोक्याचं. अमेरिकेत 1930च्या दशकात पॉटेंजर नावाच्या डॉक्टरनं शेकडो मांजरांवर दहा वर्षं बघितलंय, कच्च्यावरची धडधाकट राहिली आणि शिजवलेल्यावरची पिढी दर पिढी खंगत गेली. हे कोण सांगणार?

गुंडूची आई
मीच सांगते. पॉटेंजरच्या वेळी मांजराला टॉरिन, म्हणजे मांसातनं मिळणारा एक पोषक घटक, लागतं हेच कुणाला ठाऊक नव्हतं. ते कमी पडलं की मांजराचं हृदय फुगून कमजोर होतं हे 1987 साली कॅलिफोर्नियातल्या पॉल पायन या पशुवैद्यांनी दाखवलं आणि त्यानंतर पाकिटातल्या खाद्यात ते वाढवलं गेलं. शिजवलं की ते पाण्यात उतरतं, म्हणून पाणी ओतून द्यायचं नाही, मांसावरच घालायचं. आणि मानेचे तुकडे, हृदय, मोजून काळीज, हे तुमच्या त्या पोस्टमध्ये कुठं होतं? असतं तर गुंडूसारखं दुसऱ्या कुणाचं होणार नाही एवढंच माझं म्हणणं आहे.

कळंबेकरीण
पाकिटाची बाजू घेणाऱ्यांनी माझं पण ऐका. आमचा सोन्या, बोका, 5 वर्षं नुसत्या कोरड्या दाण्यांवर. एका रात्री मातीच्या ट्रेमध्ये दहा वेळा जाऊन बसला आणि एक थेंब नाही. आम्हाला वाटलं बद्धकोष्ठ झालंय, सकाळपर्यंत थांबलो, ती चूक मी जन्मात विसरणार नाही. लघवीचा मार्ग खड्यांनी बंद, पोट दगडासारखं. डॉक्टर म्हणाले अजून एक दिवस गेला असता तर हातात आला नसता. कोरड्या दाण्यात पाणी असतं 10 टक्क्यांच्या आसपास, मांसात 70च्या पुढं, आणि मांजर आपणहून पाणी कमीच पितं. दाणे बंद करून कच्चं मांस चालू केल्यापासून दोन वर्षं त्रास नाही. मला कच्चं सोडायला सांगू नका.

राजारामपुरीतला काका
काय चाललंय हे? टॉरिन काय, एक्सरे काय. आमच्या आईनं मनी सांभाळली 16 वर्षं, रविवारी मटणाचा रस्सा-भात, इतर दिवशी दूध-भाकरी. एकदा दवाखाना बघितला नाही. आणि हृदय काळीज म्हणताय, दुकानात जाऊन दर तरी विचारा. पूर्वी खाटीक मांजरासाठी म्हटलं की छाट आणि फोपसा कागदात बांधून फुकट द्यायचा, आता त्याचंपण वजन करतोय. 2019 ला दरासाठी कोल्हापुरात आंदोलन करायला लागलं, मटणासाठी! इथं माणसाच्या ताटात चार फोडी पडंनात.

लॅबवाला
काका, दराचं शंभर टक्के बरोबर. पण रस्सा-भात घाला असं कृपा करून कुणाला सांगू नका. आपल्या रश्श्यात कांदा-लसूण मसाला असतो आणि मांजराला कांदा विष आहे, लसूण तर त्याहून वाईट. रक्तातल्या तांबड्या पेशी फुटतात. 4 किलोच्या मांजराला 20 ग्रॅमभर कांदा पुरतो, आणि मसाल्यात तो वाळवून भाजून घातलेला, म्हणजे चमचाभरात किती ते बघा. हिरड्या पांढऱ्याफटक पडलेली मांजरं मी बघितलीत, घरचे म्हणतात काही नाही ओ, रोजचंच खातंय.

राजारामपुरीतला काका
म्हणजे माझी आई विष घालत होती?

लॅबवाला
असं कुठं म्हटलं मी?

राजारामपुरीतला काका
तसाच अर्थ होतोय. दोन बुकं वाचली म्हणून जुन्या बायकांना येडं ठरवू नका. तिनं मनीसाठी पुराच्या पाण्यात गच्चीवर दोन दिवस काढलेत, बोटीवाले मांजर घेईनात म्हणून ती पण बोटीत बसली नाही. तुम्ही काय केलंय कुणासाठी?

पेठेतला बोका
काका, शांत व्हा. पण लॅबवाल्या भावा, तू पण जरा सांभाळून. 16 वर्षं जगली ना मनी?

लॅबवाला
आजींबद्दल एक शब्द वाईट बोललो नाही, बोलणारपण नाही. पण 16 वर्षं जगली म्हणून कांदा चांगला ठरत नाही. बरं, बोका, आता तुझ्याकडं येतो. डिसेंबर 2024 ला नागपूरच्या गोरेवाड्यात, प्राण्यांच्या बचाव केंद्रात, 3 वाघ आणि 1 बिबट्या बर्ड फ्लूनं गेले, कच्च्या कोंबडीतनं आला असावा असा संशय होता. वाघच, ज्याचं उदाहरण तू दिलंस. आणि फ्रीझरमध्ये ठेवलं की जंतू मरतात हे डोक्यातनं काढ. टॉक्सोप्लाझ्मा हा कच्च्या मांसातला परजीवी काही दिवस कडक गोठवल्यावर मरतो, पण जुलाब लावणारा साल्मोनेला जंतू मरत नाही, तो थंडीत नुसता पडून राहतो. तुझी मांजरं पचवतील एकवेळ, पण त्याच ओट्यावर बाळाचं दूध गरम होतंय का तेवढं बघ.

पेठेतला बोका
...गोरेवाड्याचं माहीत नव्हतं. घरात सहा महिन्यांची पुतणी आहे, पाट आणि सुरी वेगळी ठेवायला आजपासून सुरू करतो. कच्चं सोडत नाही, सांगून ठेवतो. पोस्टमध्ये मात्र हाडाचं आणि काळजाचं लिहितो, ताईंचं तेवढं मान्य.

गुंडूची आई
काळीज थोडंच असंही लिहा. रोज काळीज घातलं की व्हिटॅमिन ए साठून मान आखडते. मी आता शिजवूनच घालते, अर्ध्या किलोला अर्धा चमचा अंड्याच्या टरफलाची पूड, डॉक्टरांनी मोजून दिलीय. सोन्याच्या आई, शिजवलेलं त्याच्याच पाण्यात कालवून घातलं तरी पाणी पोटात जातंच की. कच्चंच पाहिजे असं नाही.

कळंबेकरीण
करून बघते. पण दाण्यांवर परत जाणार नाही, कुणी कितीही सांगू दे.

राजारामपुरीतला काका
रात्री इचलकरंजीला बहिणीला फोन केला. ती म्हणाली, आई मनीला रस्सा घालायचीच नाही. मटण शिजत ठेवलं की हळद-मीठ, कांदा-लसूण काही पडायच्या आधी वाटीभर आळणी पाणी आणि दोन फोडी काढून ठेवायची, मनीची वाटी म्हणून वेगळी जर्मनची वाटी होती. मी पोरगा, मी कधी स्वयंपाकघरात उभा राहिलो नाही, मला वरचा लाल रस्साच आठवतोय. लॅबवाल्या, तुझं कांद्याचं खरं असेल. पण आईला ते न शिकता माहीत होतं, एवढं लिहून ठेव.

लॅबवाला
लिहिलं, काका. आणि त्या पाण्यात टॉरिनपण उतरलेलं असायचं. ती वाटी अजून आहे का?

राजारामपुरीतला काका
बहिणीकडं आहे. कोचे पडलेत, पण आहे.