पगाराचा हिशोब मागायला एकत्र आलात का कधी? (अनुभव धागा)

पहिल्या नोकरीत पावणेदोन वर्षं मी एका गोष्टीबद्दल कुणाशी चकार शब्द बोललो नाही, माझा पगार. जॉइन होताना एचआरनं सांगितलेलं की पगार कॉन्फिडेन्शियल असतो आणि मला ते इतकं पटलेलं की शेजारच्या खुर्चीवरच्या मित्राला पण कधी विचारलं नाही. मग एकदा त्याची सॅलरी स्लिप प्रिंटरवर राहिली आणि माझ्या कागदांत आली. काम तेच, शिफ्ट तीच, पण त्याच्या स्लिपवर ओटीचा, म्हणजे ओव्हरटाइमचा, कॉलम होता आणि माझ्या स्लिपवर तो कॉलमच नव्हता. मी स्लिप नेऊन दिली आणि म्हटलं हे काय आहे रे, तर तो माझ्यापेक्षा जास्त घाबरला.

त्या दिवशी आम्ही दोघं होतो, आठवड्याभरात अकरा झालो. युनियन बिनियन काही नाही, एक शीट आणि अकरा सह्या. नऊ जणांना सात महिन्यांच्या ओटीचे पैसे मिळाले. उरलेले दोघं ठेकेदाराच्या रोलवर होते, त्यांना काही मिळालं नाही आणि आम्ही नऊ जणांनी त्यांच्यासाठी परत साहेबाच्या केबिनचं दार वाजवलं नाही, हे अजून टोचतं.

असे अनुभव लिहा. जिंकलेले, हरलेले, मधेच सोडून दिलेले. कंपनीचं नाव नको, साहेबाचं नको, आणि सध्या तिथेच असाल तर टीम आणि तारखा पण नकोत, लगेच ओळखू येतं. आणि लिहायच्या आधी लॅपटॉप कुणाचा आहे ते बघा प्लीज.

गोदामवाला

शिफ्ट संपली की आधी पंच आऊट करायचं आणि मग सिक्युरिटीच्या लाइनीत लागायचं. बॅग उघडा, खिसे दाखवा, बूट काढा. सीझनला पंचवीस पंचवीस मिनिटं जायची. म्हणजे आम्ही चोरी करू म्हणून तपासणी आणि तपासणीचा वेळ आमचा फुकट, आता यात चोर कोण ते तुम्हीच सांगा. आमच्यातल्या एका मुलीनं, वय वर्षं वीस, महिनाभर मोबाइलवर टायमर लावला. लाइनीत लागली की स्टार्ट, गेटबाहेर पडली की स्टॉप. महिन्याचे नऊ तासांच्या वर निघाले.

मी जरा शोधलं तर या लाइनीवरून मोठाले खटले झालेत. अमेरिकेच्या सुप्रीम कोर्टानं २०१४ ला सांगितलं की असं थांबणं हा मुख्य कामाचा भाग नाही, त्यामुळे त्यांच्या केंद्राच्या कायद्यात त्याचे पैसे बसत नाहीत. आणि त्याच देशात कॅलिफोर्नियाच्या सुप्रीम कोर्टानं २०२० ला ॲपलच्या दुकानांतल्या लोकांच्या केसमध्ये बरोबर उलटं सांगितलं, मालकाच्या हुकमात थांबलाय ना, मग तो कामाचाच वेळ. लाइन तीच, उत्तरं दोन.

आम्ही कोर्टात वगैरे गेलो नाही. एकच मागणी केली, पंचिंग मशीन गेटच्या बाहेर लावा. तेहतीस सह्या. मशीन काही हललं नाही, पण तीन आठवड्यांत तपासणीचं टेबल एकाचे तीन झाले आणि लाइन पाच मिनिटांवर आली. नोटीस बोर्डावर कारण लिहिलेलं 'कर्मचारी कल्याण'.

माजी_टीएल

मी दुसऱ्या बाजूला होतो. शिव्या घाला पण वाचा.

चोविसाव्या वर्षी मला टीएल म्हणजे टीम लीडर केलं, पगार तेवढाच, खुर्चीला फक्त हात आले. महिनाअखेरीला तासांची शीट माझ्याकडे यायची आणि बजेटपेक्षा तास जास्त दिसले की वरून एकच वाक्य यायचं, 'जरा बघून घे'. बघून घे म्हणजे नक्की काय करू हे कुणी कधी लिहून देत नाही, आणि मी पण कधी विचारलं नाही, कळत होतं. मग मी बघून घ्यायचो. नऊ वाजून सात मिनिटांनी आलेला सव्वानऊ, सहा वाजून अठ्ठावीस मिनिटांनी गेलेला सव्वासहा. जेवणाचा अर्धा तास सरसकट कट, जेवला का उभ्या उभ्या काम करत राहिला ते कोण बघतंय. याला राउंडिंग म्हणतात. राउंडिंग कधी इकडे कधी तिकडे व्हायला पाहिजे ना, माझ्या हातून ते कामगाराच्या बाजूला एकदाही झालं नाही.

माणशी दिवसाला पंधरा मिनिटं धरा, माणसं चाळीस. रोजचे दहा तास झाले. म्हणजे एक अख्खा माणूस रोज फुकट राबत होता आणि तो माणूस मस्टरवर कुठेच नव्हता.

पकडलं एका नवीन पोरानं. तो रोज पंच केल्यावर स्क्रीनचा फोटो काढायचा. माझ्याकडे आला आणि म्हणाला सर, दोन तास दहा मिनिटं कमी आहेत. मी म्हटलं सिस्टिमचा एरर असेल. त्यानं नुसतं बघितलं माझ्याकडे आणि गेला. पुढच्या महिन्यात चौदा जण आले, प्रत्येकाच्या फोनमध्ये महिन्याभराचे फोटो, आणि आवाज कुणाचाच चढलेला नाही, ते जास्त वाईट होतं. मी त्या महिन्याची शीट खरी भरली आणि सहा महिन्यांत माझी टीएलगिरी गेली. पोरांनी माफ वगैरे केलेलं नाही, बरोबरच आहे.

खिडकीजवळ

@माजी_टीएल फ्लोअरवर फोन चालत नसेल तर? आमच्याकडे लॉकरमध्ये ठेवावा लागतो.

गोदामवाला

आमच्याकडे पण तेच. बाहेर पडल्या पडल्या स्वतःच्याच नंबरवर मेसेज टाक, आलो इतके, गेलो इतके. तारीख वेळ आपोआप पडते. एका दमात महिनाअखेरीला लिहिलेली वही आणि रोजचा मेसेज यात समोरच्याला फरक कळतो.

चौथा_मजला

माझा हरलेला.

गेम टेस्टिंगची टीम. रिलीजच्या आधी चार महिने क्रंच, म्हणजे डेडलाइनसाठी जादा तास, आणि क्रंच हा शब्द सगळे असा वापरतात जसं काही ग्रहणच आहे, लागणारच, कोणाचा दोष नाही. सकाळी नऊ ते रात्री नऊ, शनिवार धरून. चीनमध्ये याला ९९६ असं नावच आहे, नऊ ते नऊ सहा दिवस, ७२ तास. २०१९ ला तिथल्या प्रोग्रामर लोकांनी गिटहबवर, म्हणजे कोड ठेवायच्या साइटवर, '९९६ डॉट आयसीयू' काढलं, म्हणजे ९९६ करा आणि आयसीयूत जा, आणि तिथे कंपन्यांची यादीच लावली. २०२१ च्या ऑगस्टमध्ये तिथल्या सर्वोच्च न्यायालयानं असे तास बेकायदेशीर असल्याचं स्पष्ट सांगितलं. मी हे सगळं टीमच्या ग्रुपवर टाकलं, सव्वीस अंगठे आले.

तो ग्रुप कंपनीच्या चॅटवर होता. इथेच कळायला पाहिजे होतं, पण मला अंगठे चढले होते. मी एक लांबलचक मेल लिहिला, वरच्या सगळ्यांना, आणि खाली 'आम्ही सर्व टीम मेंबर्स' अशी सही ठोकली, कुणालाही न विचारता. दुसऱ्या दिवशी मीटिंगला बोलावलं तर माझ्यासोबत दोघं आले. एकीचं अप्रेझल तोंडावर होतं, एकाच्या घरी आजारपण, बाकीच्यांचं मला माहीतच नाही कारण मी कधी विचारलंच नव्हतं. खरं सांगायचं तर मला माझा मेल फार आवडला होता.

'कल्चर फिट' नाही म्हणून काढलं. फुल अँड फायनल, म्हणजे शेवटचा हिशोब, चार महिने लटकवलं. तेव्हा त्या चोवीस जणांचा राग यायचा, आता नाही येत.

रात्रपाळी

तासांवरून आठवलं. डब्ल्यूएचओ (जागतिक आरोग्य संघटना) आणि आयएलओनं (आंतरराष्ट्रीय कामगार संघटना) २०२१ ला एकत्र आकडा काढला होता, आठवड्याला ५५ किंवा जास्त तास काम केल्यामुळे २०१६ या एका वर्षात जगभरात ७ लाख ४५ हजार माणसं स्ट्रोक आणि हृदयविकारानं गेली. ३५ ते ४० तासवाल्यांपेक्षा स्ट्रोकचा धोका ३५ टक्के जास्त. हे मी वाचलं तेव्हा माझी सलग सहावी नाईट होती आणि मी ज्या वॉर्डात बसले होते तिथे स्ट्रोकचेच पेशंट होते, हसावं का रडावं कळेना.

नर्सला संप कर म्हणणं सोपं आहे, पेशंट सोडून जाववत नाही आणि वरच्यांना ते पक्कं ठाऊक असतं. आमच्या पोरींनी मग दुसरंच केलं. हँडओव्हरच्या रजिस्टरमध्ये खरं लिहायचं ठरवलं. आधी आम्ही 'स्टाफ पुरेसा' असं सवयीनं लिहायचो. आता प्रत्येक शिफ्टला, कोणाचीही ड्युटी असो, पेशंट इतके, नर्स इतक्या, ब्रेक मिळाला नाही, ड्युटी संपूनही दीड तास थांबले, आणि खाली सही. कामात एक मिनिट कुचराई नाही, फक्त खोटं लिहायचं बंद. मेट्रननं पहिल्या आठवड्यात दमात घेतलं, मग प्रेमानं घेतलं, मग म्हणाली निदान पेन्सिलीनं तरी लिहा ग. पेन्सिलीनं! अकराव्या आठवड्यात दोन नवीन पोस्ट भरल्या. पाच पाहिजे होत्या.

हेल्मेट

आम्हाला तर कामगार म्हणतच नाहीत, पार्टनर म्हणतात. पार्टनरला सुट्टी नाही, ओटी नाही, पण आयडी ब्लॉक एका मिनिटात. ऑर्डरची वाट बघत दोन दोन तास बसतो त्याचे शून्य. ब्रिटनच्या सुप्रीम कोर्टानं फेब्रुवारी २०२१ ला उबरच्या ड्रायव्हरांना कामगार ठरवलं त्यात मला सगळ्यात भारी हे वाटलं की ॲप चालू करून भाडं घ्यायला तयार बसलेला वेळ पण कामाचाच धरला.

आम्ही एका संध्याकाळी ऐन गर्दीच्या वेळी सगळ्यांनी लॉग आऊट करायचं ठरवलं, एक तास. वीस मिनिटांत ॲपनं इन्सेंटिव्ह दुप्पट केला आणि एकेक जण हळूच गायब. मी पण, सांगतो खरं, अंगठा बटणावर ठेवून बसलेलो, शेजारचा बघत होता म्हणून दाबला नाही. मिळालं एवढंच की पेनल्टी कशासाठी कापली त्याचं कारण आता ॲपमध्ये दिसतं. आधी नुसता आकडा यायचा.

जुनी_फाइल

@हेल्मेट, कमी नाही हे. १८९९ च्या जुलैत न्यूयॉर्कमध्ये पेपर विकणाऱ्या पोरांनी संप केला होता, चांगली लहान पोरं. आदल्या वर्षीच्या स्पेन-अमेरिका युद्धाच्या वेळी १०० पेपरांच्या गठ्ठ्याचा भाव ५० सेंटवरून ६० झाला होता, युद्ध संपल्यावर बाकीच्यांनी उतरवला पण पुलित्झर आणि हर्स्ट या दोघा मालकांनी नाही. पोरं दोनेक आठवडे हटली नाहीत. भाव उतरलाच नाही. पण न खपलेले पेपर मालक परत घ्यायला लागले, आधी रोज रात्री उरलेला गठ्ठा पोरांच्याच अंगावर पडायचा, खरा मार तोच होता. आपल्या नारायण मेघाजी लोखंड्यांनी गिरणी कामगारांसाठी आठवड्याची सुट्टी मागितली १८८४ ला, मिळाली १८९० ला. रविवारी लोळताना मला अधूनमधून ती सहा वर्षं आठवतात.

पहिली_नोकरी

सगळे प्रतिसाद दोनदा वाचले. उद्या शिफ्टनंतर आम्ही सात जण भेटतोय. पगारातून ट्रेनिंगचे म्हणून तीन महिने पैसे कापलेत, बाँडवर सही आहे म्हणतात. मीच सगळ्यांना बोलावलंय आणि आता पोटात गोळा आलाय. सुरुवात कशी करू?

धागाकर्ता

कंपनीपासून लांब भेटा. भाषण नको. पहिल्यांदा तू तुझी स्लिप सगळ्यांसमोर ठेव आणि गप्प बस, बाकीचे काढतात हळूहळू. आणि ठेकेदाराच्या रोलवर कुणी असेल तर त्याला आजच फोन कर.

चौथा_मजला

आणि सही कुणाचीही न विचारता टाकू नकोस.

माजी_टीएल

बाँडचा कागद पण घेऊन जा, सगळ्यांचे. सहीखालची तारीख बघा आणि सही खरंच कधी केली ते आठवा. आमच्याकडे जॉइनिंगनंतर दोन महिन्यांनी सही घ्यायचे आणि तारीख जुनी टाकायचे. टाकायचे म्हणजे, मीच टाकायचो.