मदत हवी आहे: मूत्रपिंड प्रत्यारोपणानंतर लहान मुलाला दिवसाला अडीच लिटर पाणी कसे पाजावे?

आम्ही भांडुपला राहतो. माझा मुलगा ६ वर्षांचा असून त्याचे वजन १६ किलो आहे. स्टेरॉइडला दाद न देणाऱ्या नेफ्रोटिक सिंड्रोममुळे (लघवीतून प्रथिने वाहून जाण्याचा आजार) त्याची दोन्ही मूत्रपिंडे निकामी झाली आणि गेले १४ महिने घरीच त्याचे पोटाचे डायलिसिस चालू आहे. पुढच्या महिन्यात परळला प्रत्यारोपण ठरले आहे. मूत्रपिंड माझे देणार आहोत. मूळ आजार नव्या मूत्रपिंडातही उलटू शकतो, याची कल्पना डॉक्टरांनी दिली आहे आणि तसे झाल्यास प्लाझ्मा (रक्तातला द्रव भाग) बदलण्याची तयारीही ठेवली आहे. मला घोर लागला आहे तो पाण्याचा.

लघवी जवळजवळ होत नसल्याने त्याला दिवसाला ४०० मिलिलिटरच पाणी चालते, आणि दूध, वरण, औषधाबरोबरचा घोट हे सगळे त्यातच धरावे लागते. सकाळी मी छोट्या तांब्यात मोजून पाणी ठेवते. तो दुपारी त्यात डोकावून पाहतो आणि संध्याकाळसाठी आपणच राखून ठेवतो. हल्ली तर तहान लागली तरी मागत नाही, नुसते ओठ ओले करतो.

आता हेच सगळे उलटे करायचे आहे. मोठ्या माणसाचे मूत्रपिंड एवढ्याशा शरीरात बसवले की त्याला रक्ताचा फार मोठा वाटा लागतो. पाणी कमी पडले तर त्याचा रक्तपुरवठा घटून इजा होऊ शकते, रक्तवाहिनीत गुठळी होण्याचीही भीती असते. म्हणून त्याला रोज दोन ते अडीच लिटर पाणी द्यावे लागेल, आणि जुलाब-उलट्या झाल्या तर वाट न पाहता रुग्णालय गाठावे लागेल, असे डॉक्टरांनी बजावले आहे.

ज्यांच्या मुलांचे प्रत्यारोपण २० किलोच्या आत वजन असताना झाले, त्यांना विचारायचे आहे: मूल एवढे पाणी आपणहून पिऊ लागले का, की नाकातून नळी ठेवावी लागली, आणि ती किती दिवस? रात्री उठवून पाजत होतात का? शाळेत बाईंनी लक्ष ठेवले का? ‘आता हवे तेवढे पी’ हे त्याला शस्त्रक्रियेआधी सांगावे की नंतर, हेही मला ठरवता येत नाही.

सुरुवातीचे काही दिवस मी स्वतःच अंथरुणावर असेन आणि पाणी पाजण्याचे काम सासूबाईंकडे राहील. त्यांना तासातासाचे वेळापत्रक लिहून द्यायचे आहे. कोणी असे केले असल्यास कृपया इथे द्यावे, म्हणजे ते आमच्या डॉक्टरांना दाखवून घेता येईल.